भाड्याच्या घराचा करार: या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळ्यात भाड्याचं घर ठरलं की ५०० च्या बाँड पेपरवर ११ महिन्यांचा करार होतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि दोघेही निश्चिंत होतात. खरी चूक इथेच आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ११ महिन्यांनाही सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं.

दुसरी चूक शब्दांची. वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ आणि आत सगळीकडे ‘भाडेपट्टा’. दोन्ही वेगळे. भाडेपट्ट्यात भाडेकरूचा घरात हक्क तयार होतो आणि ताबा परत घ्यायला कायद्यातली कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. लायसन्समध्ये फक्त राहण्याची परवानगी असते. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. राहण्यासाठी घर देताना आम्ही लायसन्सच सुचवतो.

खर्चाच्या धास्तीने नोंदणी टाळू नका, हिशोब करून बघा. भाडं ८०००, परत मिळणारं डिपॉझिट ४०,०००, मुदत २४ महिने. एकूण भाडं १,९२,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून दोन वर्षांचे ८०००. बेरीज २ लाख, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००.

ऑनलाइन नोंदणीत आधारचा अंगठा जुळावा लागतो. शेतात राबलेल्या, वयस्कर हातांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. मग सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठा. सही केल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणी करा.

आपल्याकडची भांडणं मात्र उन्हाळ्यात पेटतात. कूलर लागला की लायटीचं बिल फुगतं, पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून राहायला येताना मीटरचं रीडिंग करारात लिहा. टँकरचे पैसे कोणी द्यायचे, कूलरच्या पाण्याने भिंत ओलावली तर दुरुस्ती कोणाची आणि घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत, हेही लिहा.