जहाजाच्या नाळेवरची कोरीव मूर्ती बसवायची कशी

जुन्या शिडाच्या जहाजांच्या पुढे ती बाई किंवा सिंह असतो ना, बऱ्याच जणांना वाटतं की मूर्ती आधी पूर्ण कोरायची आणि मग नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या लाकडावर, खिळे मारून टाकायची. तसं केलं तर पहिल्या मोठ्या लाटेला गेलीच समजा. ती मूर्ती नाळेवर अक्षरशः मांड ठोकून बसते, घोडेस्वारासारखी. मागून तिला खोल खाच असते आणि त्या खाचेत नाळेचं लाकूड जातं, दोन्ही पाय दोन बाजूंना.

म्हणून पटाशी हातात घ्यायच्या आधी जागा मोजा. वरून बोस्प्रिट, म्हणजे नाळेतून पुढे तिरका निघालेला खांब, जातो. मूर्तीचं डोकं त्याच्या खाली मावायला हवं आणि तो खांब खाली बांधून ठेवणारे दोर पण मूर्तीला घासता कामा नयेत. मग पातळ फळीचा साचा कापून नाळेची वळणं त्यावर उतरवून घ्या, हा साचा चुकला की पुढचं सगळंच चुकलं.

लाकूड म्हणाल तर एल्म, ओक, नंतरच्या काळात पाइन जास्त. साग मिळाला तर उत्तमच. १६२८ साली बुडालेल्या स्वीडनच्या वासा जहाजावरचा सिंह साधारण तीन मीटर लांब आहे आणि तो लिंडेनच्या लाकडाचा, अनेक तुकडे जोडून केलेला. मोठी मूर्ती एका ओंडक्यातून काढायचा हट्ट नकोच, वाळताना मधोमध तडकते. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडून ठोकळा करा.

आता ठोकळा फक्त ढोबळ घडवायचा, नाक-डोळे अजिबात नाही. खाच थोडी लहानच ठेवा, नाळेला काजळी फासा, ठोकळा वर चढवून दाबा आणि उतरवून बघा, आत जिथे काळं लागलं तिथेच लाकूड अडतंय, तेवढंच तासायचं, परत चढवायचं, परत तासायचं. कंटाळवाणं काम आहे पण सगळी ताकद इथेच आहे, बोल्टवर भिस्त ठेवणारे नंतर रडतात.

नीट बसली की गिरमिटाने आडवं आरपार भोक, मूर्तीच्या एका बाजूने नाळेतून दुसऱ्या बाजूला. बोल्ट शक्यतो तांब्याचा. लोखंड ओकमध्ये गंजतं, फुगतं आणि लाकूड फोडतं. टोकाला वॉशर घालून ठोकून पसरवायचं. बोल्टची डोकी आत खोल बुडवा, वरून लाकडी गुल्ली ठोका, लाकडाच्या रेषा जुळवून, आणि ती जागा कपड्याच्या चुण्यांत येईल अशी निवडा म्हणजे कोणाला दिसणार नाही. दोन्ही बाजूंनी जहाजाच्या अंगातून निघून मूर्तीच्या बुडाशी येणारी वाकडी लाकडं असतात, त्यांनी ती डावी-उजवीकडे हलत नाही.

(मुख्य बोल्ट धडाला असतात. १८३४ मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन जहाजावरच्या अँड्र्यू जॅक्सनच्या पुतळ्याचं डोकं एकाने रात्री करवतीने कापून नेलं, धड जागच्या जागी.)

कायमची बसवताना खाचेत सफेदा आणि अळशीचं तेल घट्ट कालवून भरपूर थापा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त नडतं, फटीतून आत शिरतं, तिथेच मुरतं आणि आतून कुजवतं, बाहेरून रंग मात्र चकाचक.

बारीक कोरीवकाम यानंतर. चेहरा थोडा खाली झुकलेला ठेवा कारण बघणारा धक्क्यावरून वर बघतो, समोरून छान दिसणारा चेहरा खालून नुसती हनुवटी वाटतो. पुढे आलेले हात वेगळे कोरा आणि काढता-घालता येतील असे बसवा, काही जहाजांवर समुद्रात निघताना हात काढून आत ठेवायचे. १८६९ च्या कटी सार्क या ब्रिटिश जहाजावरची नॅनी (रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली चेटकीण) हात पुढे करून घोडीची शेपटी धरून आहे, असा हात लाटेच्या तोंडी सगळ्यात आधी जातो.

शेवटी फटी बुजवायची लांबी (पुट्टी) भरून रंगाचे दोन-तीन हात. आणि बंदरात आलं की दरवेळी गुल्ल्यांवर हातोड्याने हलकं ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर ती गुल्ली लगेच काढा.