नवीन पेंटवरचा कचरा काढायला शिकताना: कुर्ल्यातल्या गॅरेजमधला अनुभव

गाडीच्या पेंटिंगच्या लाइनमध्ये यायचंय म्हणून हल्ली बरीच मुलं विचारतात, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून स्प्रे गनच हातात पाहिजे असते. मलाही तेच वाटायचं. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या एका गल्लीत मी लागलो तेव्हा सहा महिने माझ्या हातात फक्त वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पेपर) आणि पाण्याची बादली होती, आणि आज मी सांगतो की त्या सहा महिन्यांत जे शिकलो त्याच्यावरच माझं पोट चालतंय.

आमच्याकडे मेस्त्रींना सगळे मामा म्हणायचे. ताज्या पेंटवर काही बसलेलं दिसलं की मी लगेच पेपर उचलायचो आणि मामा ओरडायचे, "अरे आधी बोट फिरव, मग बघू." बोट म्हणजे कसं, तर गाडी धुवून पुसून घ्यायची, हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि पॅनलवरून हलकेच फिरवायची. नुसत्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून खरखर लागतं. करून बघा, पहिल्यांदा कळेल तेव्हा आश्चर्य वाटेल.

आता ही खरखर कशाची आहे ते ओळखणं हेच खरं काम. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारताना हवेतली धूळ त्यात पडून वाळली की दाणा होतो, तो हाताला टोचतो. दुसरीकडून उडालेला पेंट नुसता वर चिकटलेला असतो, त्याची खरखर बारीक आणि सगळीकडे पसरलेली. आणि कचरा डोळ्याला दिसतोय पण हाताला काहीच लागत नाही, तर तो बहुतेक खाली बेस कोटमध्ये, म्हणजे रंगाच्या थरात, अडकलाय, तो कितीही घासा निघणार नाही, पॅनल परतच मारावा लागतो, हे गिऱ्हाईकाला लगेच सांगितलेलं बरं. मुंबईत अजून एक प्रकार दिसतो, रेल्वे ट्रॅकच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर पांढऱ्या रंगावर बारीक नारिंगी ठिपके येतात, लोकांना वाटतं कोणीतरी पेंट उडवलाय, पण ते लोखंडाचे कण गंजलेले असतात. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला की जांभळं पाणी वाहायला लागतं, आणि लोखंडच होतं ते समोरच कळतं.

उडालेल्या पेंटची एक केस सांगतो. पांढरी गाडी, पेंट होऊन दोन दिवस झालेले, आणि शेजारच्या ग्रिलवाल्याने लोखंडी गेटला काळा ऑइल पेंट स्प्रेने मारला, वारा आमच्या बाजूचा. बॉनेटपासून डिकीपर्यंत काळे ठिपके. मी थिनरचा कपडा घेऊन निघालोच होतो, मामांनी मनगट धरलं. थिनर ताज्या पेंटला मऊ करतो, ठिपके जायचे आणि खालचा क्लिअर पण घेऊन जायचे. मग शाम्पूच्या पाण्याने धुवून, पाणी सतत सोडत, मऊ क्ले बार (वर चिकटलेला कचरा ओढून घेणारी मातीसारखी वडी) घेतली आणि एका वेळी दोन वितींएवढ्या भागावर अजिबात जोर न देता सरळ मागे-पुढे फिरवली. काळे ठिपके क्लेवर आले की ती दुमडायची, स्वच्छ बाजू वर घ्यायची. क्ले खाली पडली तर ती फेकायची, जमिनीवरची वाळू चिकटलेली क्ले म्हणजे घासायचा पेपरच. पूर्ण गाडीला दुपार गेली, पण पेपर लावावाच लागला नाही.

दाण्याचं मात्र पेपरशिवाय होत नाही. आधी पेंट वाळलेला पाहिजे. बूथमध्ये, म्हणजे पेंटिंगच्या बंद खोलीत, साठ डिग्रीला अर्धा तास बेक केला असेल तर थंड झाल्यावर काम करता येतं, उघड्यावर वाळवला असेल तर आम्ही कमीत कमी एक रात्र जाऊ देतो, नख दाबून खूण राहिली तर अजून थांबा. दोन हजार नंबरचा पेपर साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचा, छोटा तुकडा कापायचा आणि खोडरबरासारख्या लहान, सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा, कारण बोटाने घासलं की बोटाच्या आकाराचा खड्डा पडतो. घासायचं फक्त दाण्याच्या डोक्यावर. चार-पाच हात मारले की पुसायचं, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागेवर घेऊन बघायचं, परत चार-पाच. दाणा गेला की थांबायचं, कारण बाजूला फिनिश थोडं संत्र्याच्या सालीसारखं असतं आणि तुम्ही घासत सुटलात तर तिथेच एक सपाट चकती दिसायला लागते. मग त्याहून बारीक तीन हजारने हलका हात, आणि शेवटी कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट) लावून फोम पॅडने कमी स्पीडवर बफ.

क्लिअर कोट साधारण चाळीस ते साठ मायक्रॉनच असतो, केसापेक्षाही पातळ, हे डोक्यात पक्कं ठेवा. मी ते शिकलो एका मेटॅलिक निळ्या गाडीवर, बॉनेटच्या कडेजवळ एक दाणा होता, इतका बारीक की गिऱ्हाईकाला दिसलाही नसता. कडेला क्लिअर पातळ बसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घासताना पेपरखालचं पाणी दुधासारखं पांढरं येत होतं ते अचानक निळसर झालं. तिथेच हात थांबवायला पाहिजे होता, मी दोन हात जास्त मारले, मेटॅलिकचा थर उघडा पडला आणि ठिगळासारखा डाग आला. अख्खं बॉनेट परत मारलं. तेव्हापासून कडेला, क्रीजलाइनला (पत्र्याच्या उठावदार रेघेला) मी आधी मास्किंग टेप लावतो, आणि डोळा पाण्याच्या रंगावर. रंग बदलला की थांबा, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी खूप नुकसान वाचेल. सॉलिड रंगात क्लिअर नसतो तिथे पाणी पहिल्यापासून रंगीतच येतं, त्यामुळे गाडी कुठल्या सिस्टिमची आहे ते आधी विचारून घ्या.

मुळात कचरा येऊच नये यासाठी काय करतात तेही शिकून घ्या, कारण गन हातात आल्यावर हेच कामी येतं. फरशी ओली करायची, पॅनलच्या सांध्यांत हवा मारून धूळ काढायची, टॅक क्लॉथने, म्हणजे धूळ धरणाऱ्या चिकट कपड्याने, पुसायचं, पेंट गाळून गनमध्ये भरायचा. मास्किंगला जुनी वर्तमानपत्रं लावलीत तर त्यांचे तंतू उडून पेंटमध्ये बसतात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, मुंबईच्या दमट हवेत ते किती साठतं ते बघून पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

आणि मास्क. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. टू-के पेंट म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पेंट, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं केमिकल असतं, त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की थोडासा वास पण सहन होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काहीही होत नाही. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर पाहिजे, चेहऱ्याला नीट बसणारा, आणि मिक्सिंग करताना हातमोजे. बूथमध्ये तर बाहेरून हवा देणारा मास्क सगळ्यात चांगला. गॅरेज देत नसेल तर पहिल्या पगारातून साधा रेस्पिरेटर तरी स्वतः घ्या, मी तसाच घेतला होता.

शिकायचं कुठे, तर आयटीआयमध्ये मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग असा ट्रेड आहे, जमत असेल तर तो करा, तिथे थिअरी आणि सेफ्टी नीट शिकवतात. पण हात बसतो तो गॅरेजमध्येच. भंगारातून एखादा जुना दरवाजा मागून घ्या, त्यावर क्लिअर मारून घ्या, मुद्दाम धूळ उडवा आणि दाणे काढत बसा. मी रविवारी तेच करायचो. तिसऱ्या दरवाज्यावर मामा आले, पिशवी न घालता नुसतं बोट फिरवलं, काही बोलले नाहीत, आणि सोमवारी गिऱ्हाईकाच्या गाडीचं बंपर माझ्याकडे दिलं.