थाई लीगचा हंगाम चौकटीच्या वहीत कसा मांडावा

जळगावात, भुसावळात किंवा शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावी राहून थायलंडच्या अव्वल फुटबॉल लीगचा हंगाम पाहणारे फार नाहीत. जे पाहतात, तेही बहुधा गुणतक्ता पाहून थांबतात. गुणतक्त्यावरून कोण कुठे उभा आहे ते समजते, पण तो तिथवर कोणाला हरवून आणि कोणाकडून हरून पोहोचला, हे समजत नाही. ते समजण्यासाठी गेली काही वर्षे मी शाळेत गणितासाठी वापरतात तशी चौकटीची वही वापरतो. तीच पद्धत येथे सविस्तर सांगतो.

या लीगमध्ये सध्या १६ क्लब खेळतात. प्रत्येक क्लब इतर प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ३० सामने येतात आणि हंगामात एकूण २४० सामने होतात. वहीच्या जोडपानावर १६ आडव्या ओळी आणि १६ उभे रकाने आखावेत, म्हणजे २५६ चौकटी तयार होतील. कर्णावरील १६ चौकटींत क्लबची गाठ स्वतःशीच पडते, म्हणून त्या काट मारून बंद कराव्यात. उरलेल्या २४० चौकटी म्हणजेच संपूर्ण हंगाम. आडव्या ओळीत यजमान संघ, उभ्या रकान्यात पाहुणा संघ आणि चौकटीत यजमानाचे गोल आधी, हा नियम पहिल्या पानावरच लिहून ठेवावा. एका हंगामात मी मध्येच ओळ आणि रकाना यांची अदलाबदल केली आणि डिसेंबरपर्यंतची सारी नोंद मला पुन्हा उतरवून काढावी लागली. सामन्याची तारीख पेन्सिलने आणि निकाल पेनने लिहावा.

क्लबांची नावे प्रथम परकी वाटतात, पण मराठी वाचकाला त्यांची ओळख लवकर पटते, कारण थायलंडमधील अनेक गावांची नावे मुळात संस्कृत किंवा पाली आहेत. राचबुरी म्हणजे राजपुरी, सुफानबुरी म्हणजे सुवर्णपुरी, पथुम थानीमधील पथुम म्हणजे पद्म, सुखोथाई म्हणजे सुखोदय आणि बुरीराम म्हणजे रम्य पुरी. चोनबुरी ही जलपुरी आहे, हे जळगावच्या माणसाला एकदा सांगितले की तो विसरत नाही. थाई लिपीतील वेळापत्रक वाचताना मात्र क्लबचे बोधचिन्ह पाहून नाव जुळवावे, कारण यंत्राने केलेल्या भाषांतरात नावांचा फार गोंधळ होतो. तिथे वर्ष बुद्ध संवताप्रमाणे छापलेले असेल, तर त्यातून ५४३ वजा करावेत. २५६७ म्हणजे आपले २०२४.

वेळेचा हिशेब सोपा आहे. थायलंडचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे असते, त्यामुळे तिथे संध्याकाळी सहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे साडेचारला आणि सातचा सामना साडेपाचला सुरू होतो. पूर्वी हंगाम फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होऊन त्याच वर्षी संपत असे. २०२० चा हंगाम करोनामुळे मार्चमध्ये थांबला, सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०२१ मध्ये संपला. तेव्हापासून पावसाळ्यात सुरुवात आणि पुढच्या उन्हाळ्यात शेवट असे चक्र बसले. खान्देशात हा काळ पोळ्याच्या आसपास सुरू होऊन कापसाच्या वेचणीतून पुढे सरकत उन्हाच्या तडाख्यापर्यंत जातो. वेचणीच्या दिवसांत साडेचारचा सामना पाहणे अनेकांना जमणार नाही. त्यांनी रात्री निकाल पाहून चौकट भरली तरी पुरे आहे. प्रक्षेपणाची व्यवस्था बदलत राहते, म्हणून ती हंगामाच्या आरंभीच तपासून घ्यावी.

आता या वहीचा खरा उपयोग पाहू. थाई लीगमध्ये दोन संघांचे गुण समान झाले, तर एकूण गोलफरकाआधी त्या दोघांचे आपसातील सामने पाहिले जातात. २०१९ च्या हंगामात विजेतेपद याच नियमाने ठरले. शेवटच्या दिवशी बुरीराम युनायटेड आघाडीवर होता आणि त्याची गाठ तळाशी अडकलेल्या चिआंगमाईशी होती, पण तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. तिकडे चिआंग राई युनायटेडने सुफानबुरीला ५-२ असे हरवले. दोघांचेही ५८ गुण झाले, आपसातील सामन्यांत चिआंग राई सरस ठरला आणि त्या क्लबने पहिल्यांदा लीग जिंकली. हा हंगाम ज्याने नुसत्या गुणतक्त्यावरून पाहिला, त्याला तो निर्णय अचानक आल्यासारखा वाटला असेल. ज्याच्या वहीत या दोन क्लबांच्या दोन चौकटी भरलेल्या होत्या, त्याला कोणाचे पारडे जड आहे हे आधीच ठाऊक होते. म्हणून पहिल्या पाच-सहा क्लबांच्या आपसातील चौकटींना रंगीत पेन्सिलीने कडा कराव्यात. माझ्या मते हंगाम समजण्यासाठी याहून मोलाची दुसरी नोंद नाही.

सराव म्हणून एखादा जुना हंगाम मांडून पाहावा. तेव्हा क्लबांची संख्या वेगळी होती, हे मात्र लक्षात ठेवावे. २०१२ चा मुआंगथोंग युनायटेड आणि २०१५ चा बुरीराम यांच्या ओळीत किंवा रकान्यात एकही पराभव सापडणार नाही, कारण दोघेही अपराजित राहून विजेते ठरले. २०१६ च्या तक्त्यात काही चौकटी रिकाम्या राहतील. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी राजा भूमिबोल यांचे निधन झाले, हंगाम तिथेच संपवण्यात आला आणि आघाडीवरील मुआंगथोंगला विजेता जाहीर केले गेले. त्या चौकटी अंदाजाने भरू नयेत. जुन्या नोंदींत नावेही बदललेली आढळतात. २००८ चा विजेता हा तेथील प्रांतीय वीज प्राधिकरणाचा संघ होता. तो पुढे अयुथ्याहून बुरीरामला गेला आणि आजचा बुरीराम युनायटेड झाला.

खेळाडूंसाठी मागच्या पानावर वेगळी यादी ठेवावी, कारण हंगामाच्या मध्यावर बरेच जण क्लब बदलतात. भारतीय वाचकाला येथे ओळखीची नावे भेटतात. थाई लीगमध्ये शंभराहून अधिक गोल केलेला ब्राझीलचा क्लेटन सिल्वा पुढे बेंगळुरू एफसी आणि ईस्ट बंगालकडून खेळला.

तळाच्या तीन ओळींकडे दुर्लक्ष करू नये. शेवटचे तीन क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरतात, त्यामुळे मार्चनंतर तेच सर्वांत जिद्दीने खेळतात. चिआंगमाईचे उदाहरण वर आलेच आहे. दुसऱ्या श्रेणीतून पहिले दोन क्लब थेट वर येतात आणि तिसरा बाद फेरीतून ठरतो. तो ठरल्यावर लगेच नवे जोडपान आखावे, घसरलेल्या तिघांच्या जागी वर आलेल्या तिघांची नावे लिहावीत आणि नवे वेळापत्रक हाती येईपर्यंत चौकटी कोऱ्या ठेवाव्यात.