लेकरू वेगळं वागायला लागलं तर या चुका करू नका

मी डॉक्टर नाही, पण गेल्या काही वर्षात आमच्या भागातल्या चार-पाच घरांसोबत मानसोपचारवाल्याकडं जाऊन आलोय आणि सगळीकडं चुका त्याच, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "बघू थोडे दिवस". माझा मावसभाऊ १९ वर्षांचा, लातूरला नीटच्या क्लासला होता. दिवाळीला घरी आला तर रात्र रात्र जागाच. टीव्हीचा लाल दिवा काळ्या चिकटपट्टीनं झाकून टाकला, म्हणे त्यातून माझ्या डोक्यातलं वाचतेत. मावशीच्या हातचं जेवण बंद, फक्त उकडलेली अंडी खायचा आणि तीपण स्वतः सोलून, कारण सालीच्या आत कुणी विष घालू शकत नाही. आम्ही म्हणलो अभ्यासाचं टेन्शन आहे, मी पण तेच म्हणलो. मग कुणी म्हणलं बाहेरचं आहे, देवरशी झाला, अंगारे झाले, एक मामा तर म्हणले लग्न लावून द्या, येतंय ठिकाणावर. चौदा महिने गेले यात!

याला सायकोसिस म्हणतात, म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं, नाहीतर नसलेलं खरं वाटणं. यात लक्षणं सुरू झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंतचा मधला काळच घात करतो. उशीर जितका जास्त तितका औषधाचा गुण कमी येण्याची शक्यता, आणि तोवर कॉलेज, मित्र, घरच्यांवरचा भरवसा सगळं सुटत जातं. नॉर्वेत रोगालँड भागात शाळा, डॉक्टर आणि पेपरमधून लोकांना लक्षणं सांगितली, तर तिथं हा काळ साधारण ५ आठवडे निघाला, आणि जिथं असं सांगितलं नव्हतं तिथं १६, आणि १० वर्षांनी बघितलं तर रोगालँडमधी बरे होऊन कामधंद्याला लागलेले जास्त निघाले. देवाला जायचं तर जा, मी आडवा येत नाही, पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडं पण जा. घाटीत (संभाजीनगरचं सरकारी हॉस्पिटल), अंबाजोगाईच्या मेडिकलला मानसोपचार विभाग आहे.

मी एक वही ठेवायला लावतो: तारीख, झोप किती, जेवला का, काय बोलला. डॉक्टरसमोर पोरगं गप बसतं, तिथं वही बोलती.

दुसरी चूक, गोळी वरणात कालवून देणे. शेजारपाजारचे हाच शॉर्टकट सांगतेत. अहो, ज्याला आधीच वाटतंय की जेवणात काहीतरी घालतेत त्याच्याच जेवणात तुम्ही खरंच घालताय! आमच्याकडं त्याला ताटात पांढरी पूड दिसली आणि मग दोन महिने त्यानं मावशीच्या हातचं पाणी सुद्धा घेतलं नाही. वाद घालू नका, खोटं बोलू नका. "झोप येत नाही ना तुला, चल त्याचं बघून येऊ" एवढं म्हणलं की बरेच जण येतात.

बरं वाटलं की गोळी बंद करायची घाई नको, डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि ते बहुतेक वर्ष-दोन वर्ष तरी चालू ठेवा म्हणतात. आमच्याकडं चार महिन्यात बंद केली, पोळ्याच्या आत कानात आवाज ऐकू येणं परत सुरू.

गांजा असंल तर आधी तो बंद. साखळीनं बांधणं २०१७ च्या कायद्यानं बंद आहे, आणि त्यानं कुणी बरं होत नाही. मरायच्या गोष्टी करायला लागला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. कुठं जावं कळत नसंल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.