अमेरिकेतील इतिहासस्थळांवर छोटी चित्रे रंगवताना या चुका टाळा

पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या कागदावर, जागेवरच बसून, तास-दीड तासात पुरे होणारे चित्र हा प्रवासी चित्रकाराला सर्वांत सोयीचा प्रकार आहे, आणि अमेरिकेच्या पूर्व भागात इतिहासाच्या ओढीने हिंडणाऱ्याला अशा चित्रांसाठी विषयांची वाण पडत नाही. स्वातंत्र्ययुद्धातील व्हॅली फोर्ज आणि प्रिन्स्टन, उत्तर-दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धातील गेटिसबर्ग, अँटिएटम आणि त्या युद्धाची नांदी ठरलेले हार्पर्स फेरी ही ठिकाणे न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणाऱ्या आई-वडिलांना मोटारीने गाठता येतात. तरीही तिथे काढलेली चित्रे घरी आणून पाहिली की पुष्कळदा ती कोणत्याही हिरव्या माळाची वा कोणत्याही दगडी पुलाची वाटतात, नाहीतर पाठ्यपुस्तकातील प्रसंगचित्रांची नक्कल वाटतात. हात कच्चा असणे हे याचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा समोर दिसणाऱ्या गोष्टीची पुरेशी चौकशी न करताच कुंचला उचललेला असतो.

आज दिसते तेच त्या काळी होते असे मानणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती टाळणे सर्वांत सोपे आहे. हार्पर्स फेरी येथे पोटोमॅक आणि शेनान्डोआ नद्यांच्या संगमाजवळ एक छोटी विटांची इमारत उभी आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उठाव करणारा जॉन ब्राऊन याच अग्निशमन बंबाच्या घरात अडकून पकडला गेला. परंतु ही इमारत मूळ जागेवर नाही. १८९१ मध्ये ती उतरवून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेण्यात आली, १८९५ मध्ये परत आणून एका शेतात उभी केली गेली, १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजच्या आवारात हलवली गेली आणि १९६८ मध्ये आजच्या जागी आली, कारण तोवर मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली होती. इमारतीच्या मागची टेकडी आणि पुढचा रस्ता यांचे जे नाते आज दिसते ते १८५९ चे म्हणून रंगवले, तर कितीही सुंदर रंगवले तरी चित्र खोटे ठरते. मॅसॅच्युसेट्समधील कॉनकॉर्डच्या ज्या नॉर्थ ब्रिजवर १९ एप्रिल १७७५ रोजी वसाहतींच्या मिलिशियाने, म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेने, इंग्रज सैन्यावर गोळ्या झाडल्या, तो पूल १७९३ मध्येच काढून टाकला गेला आणि आजचा पूल विसाव्या शतकातील आहे. अँटिएटमचे पांढरे डंकर चर्च १९२१ च्या वादळात कोसळले आणि १९६२ मध्ये पुन्हा बांधले गेले. गेटिसबर्गच्या रणभूमीवर आज तेराशेहून अधिक स्मारके आहेत, आणि १८६३ च्या जुलैमध्ये त्यांपैकी एकही नव्हते.

झाडाझुडपांच्या बाबतीत ही चूक आणखी सहज घडते, कारण निसर्ग कालातीत आहे अशी आपली समजूत असते. दक्षिणेकडील राज्यांत झाडांना गुंडाळून टाकणारी कुडझू ही वेल जपानहून आणलेली आहे आणि अमेरिकेला तिची ओळख १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात झाली, म्हणून मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गच्या १८६३ च्या वेढ्याच्या चित्रात तिला जागा नाही. पश्चिमेच्या माळांवर वाऱ्याबरोबर गडगडत जाणारी काटेरी झुडपे १८७० च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्याबरोबर पोहोचली. १८४० च्या दशकातील ओरेगॉन ट्रेलच्या, म्हणजे पश्चिमेकडे वसायला निघालेल्यांच्या गाडीवाटेच्या, चित्रात ती दिसली की जाणकाराची नजर तिथेच अडखळते.

यावर उपाय असा की, रंगपेटी उघडण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा: आपण त्या जागेचे आजचे चित्र काढत आहोत की त्या दिवसाचे? दोन्ही तितकीच मोलाची आहेत. आजचे चित्र काढायचे असेल तर स्मारके, डांबरी रस्ता आणि माहितीफलक यांना निःसंकोच जागा द्यावी, कारण लोक आपला भूतकाळ कसा जपतात हेही इतिहासाचेच अंग आहे. त्या दिवसाचे चित्र काढायचे असेल तर जे तेव्हा खरोखर होते ते शोधावे. अँटिएटमच्या बर्नसाइड ब्रिजजवळ एक सिकॅमोर वृक्ष आहे, जो लढाईनंतर काही दिवसांत अलेक्झांडर गार्डनरने घेतलेल्या छायाचित्रात कोवळ्या रोपाच्या रूपात दिसतो. १८३६ चा तो तीन कमानींचा दगडी पूल आणि ते झाड, एवढा विषय एका छोट्या कागदाला भरपूर आहे.

घड्याळ पाहून उजेड ठरवणे

गेटिसबर्गच्या ३ जुलै १८६३ च्या शेवटच्या मोठ्या हल्ल्याचे चित्र काढू पाहणारे अनेक जण सकाळी ऊन कोवळे असताना सेमेटरी रिज या उत्तरेच्या सैन्याच्या टेकाडावर बसतात आणि पश्चिमेकडील शेते समोरून उजळलेली रंगवतात. हल्ला दुपारी तीनच्या सुमारास सुरू झाला. त्या वेळी सूर्य पश्चिमेकडे कलला होता, म्हणजे समोरच्या सेमिनरी रिज या टेकाडावरून पूर्वेकडे चालत येणाऱ्या दक्षिणेच्या सैनिकांच्या पाठीवर ऊन होते आणि सेमेटरी रिजवरून पाहणाऱ्याला ते उजेडाच्या विरुद्ध बाजूने, काळसर पट्ट्यासारखे दिसत असणार. त्यात तोफा-बंदुकांच्या काळ्या दारूचा धूर होता, आणि या दारूचा धूर दाट व पांढुरका असतो. सकाळच्या उन्हात काढलेल्या चित्रातून हे सारे नाहीसे होते.

येथे आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली ती १८८३ मध्ये, आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत १९१८ मध्ये आली. १८६३ मधील तीन वाजणे हे स्थानिक सूर्यमानाप्रमाणे होते. गेटिसबर्गचे रेखांश लक्षात घेतले तर त्या काळचे तीन म्हणजे आजच्या उन्हाळी घड्याळातील साधारण चार वाजून नऊ मिनिटे. सैनिकांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नव्हती हे खरे, तरी आज त्या जागी सव्वाचारला बसलेला चित्रकार त्या उजेडाच्या कितीतरी जवळ असतो. हाच हिशेब अँटिएटमला लावावा, जिथे १७ सप्टेंबर १८६२ ची लढाई उजाडताच मक्याच्या शेतात सुरू झाली. मे महिन्यात तिथे गेल्यास ना तो मका दिसतो ना ती सप्टेंबरची तिरपी किरणे.

मोठा प्रसंग छोट्या कागदात कोंबणे

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे वॉशिंग्टनने डेलावेअर नदी ओलांडल्याची दोन अगदी वेगळी चित्रे आहेत. इमॅन्युएल लॉइत्सेने १८५१ मध्ये जर्मनीत रंगवलेले चित्र सुमारे १२ फूट उंच आणि २१ फूट रुंद आहे. त्यात सेनापती नावेत ताठ उभा आहे, आकाश फटफटते आहे आणि तारे-पट्ट्यांचा जो झेंडा फडकतो आहे तो डिसेंबर १७७६ मध्ये अस्तित्वातच नव्हता, कारण तो जून १७७७ मध्ये स्वीकारला गेला. दुसरे चित्र जेकब लॉरेन्सचे. १९५४ ते १९५६ या काळात त्याने अमेरिकन जनतेच्या संघर्षावर ३० चित्रांची मालिका एग टेम्पेराने, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी, रंगवली, आणि त्यांतील प्रत्येक चित्र केवळ १२ बाय १६ इंचांचे आहे. त्याच्या डेलावेअरच्या चित्रात वॉशिंग्टनला शोधावे लागते. दिसतात त्या पांघरुणात गुरफटलेल्या माणसांनी खच्चून भरलेल्या नावा, टोकदार लाटा आणि थंडी, आणि चित्राचे शीर्षक म्हणून एका अधिकाऱ्याने त्या रात्रीविषयी लिहिलेल्या पत्रातील ओळी. छोट्या चित्रात इतिहास कसा मावतो याचे यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही: संपूर्ण घटना न सांगता तिच्यातील एकच सोसणे निवडायचे आणि उरलेले शब्दांवर सोपवायचे.

छोटा आकार ही उणीव आहे असे मानून काढलेले चित्र बिघडतेच. जॉन ट्रंबुलने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे चित्र प्रथम सुमारे २१ बाय ३१ इंचांत रंगवले, जे आज येल विद्यापीठात आहे. त्यातील चेहरे खरे असावेत म्हणून तो १७८९ नंतर राज्याराज्यांतून फिरला आणि माणसांना समोर बसवून तळहातावर मावतील अशी तैलरंगातील व्यक्तिचित्रे करत राहिला. लहानपणी एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या या चित्रकाराचा हात लहान आकारात जितका सजीव होता तितका वॉशिंग्टन शहरातील कॅपिटॉल या संसदभवनातील १२ बाय १८ फुटांच्या आवृत्तीत राहिला नाही, हे दोन्ही पाहणाऱ्याला जाणवते. सभागृहाचा नकाशा मात्र त्याने जाहीरनाम्याचा लेखक जेफरसनने स्मरणातून काढून दिलेल्या आराखड्यावरून घेतला आणि तो चुकीचा निघाला. प्रत्यक्ष साक्षीदाराची आठवणसुद्धा तपासून घ्यावी लागते, हा धडा त्यातून मिळतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. मैलभर अंतरावरील माणूस, आपण हात लांब करून धरलेल्या कागदावर जसा दिसतो तसाच काढला, तर एक मिलिमीटरहूनही कमी उंचीचा होतो. त्याला टोपी, पट्टा आणि बंदूक देऊ लागलो की अंतर नष्ट होते आणि रणभूमी अंगणाएवढी वाटू लागते. सैन्याची रांग ही एका ओल्या कुंचल्याची, मध्ये मध्ये तुटणारी रेघ असावी.

पोशाख, झेंडे आणि गाड्या

जवळची आकृती काढायची असेल तेव्हा मात्र अभ्यास हवा. १७७५ च्या एप्रिलमधील मिलिशियाला निळे गणवेश नव्हते. ते घरच्याच कपड्यांत आलेले शेतकरी व कारागीर होते. यादवी युद्धातील दक्षिणेचे सगळे सैनिक राखाडी रंगात दाखवणे चूक आहे, कारण वनस्पतिजन्य रंगांत बुडवलेला पिवळसर तपकिरी कपडाही तितकाच सर्रास होता. गेटिसबर्गच्या लढाईत अधिकृत झेंड्यावर ३४ तारे होते आणि पस्तिसावा तारा लढाई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, वाढला. छोट्या चित्रात तारे मोजून काढू नयेत, पण आजचा पन्नास ताऱ्यांचा झेंडा समोर ठेवून निळ्या चौकोनाचा पोत घेऊ नये, एवढे नक्की. ओरेगॉन ट्रेलवरच्या बहुतेक गाड्या साध्या शेतकी गाड्या होत्या, त्या प्रामुख्याने बैल ओढत आणि माणसे बाजूने चालत. नेब्रास्कातील स्कॉट्स ब्लफ येथे विल्यम हेन्री जॅक्सनच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. १८६६ मध्ये स्वतः बैलगाड्यांच्या तांड्यावर काम केलेल्या या माणसाने म्हातारपणी त्या वाटेची जलरंगचित्रे केली, आणि बैलांचे जू, धूळ व गाड्यांमधील अंतर यांसाठी ती मुद्दाम पाहावीत.

जेफरसनच्या व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या घरी गेलेले बहुतेक चित्रकार घुमटाचा पश्चिमेकडील दर्शनी भाग काढून परततात. घराच्या बाजूलाच मलबेरी रो ही वाट आहे, जिथे गुलाम माणसांची घरे आणि कामाच्या जागा होत्या. जेफरसनच्या मालकीची अशी सहाशेहून अधिक माणसे त्याच्या आयुष्यात होती. घुमटाचे चित्र काढू नये असे मी म्हणणार नाही, परंतु त्याच दिवशी त्या वाटेचे दुसरे चित्र न काढता परतणे ही मला गंभीर चूक वाटते.

रंग बिघडतात तेव्हा

चित्र हिरव्या रंगात बुडून गेले, ही पेनसिल्व्हेनियाच्या जुलैतील नेहमीची तक्रार आहे. ट्यूबमधील तयार हिरवा थेट वापरला की जवळचे गवत आणि दूरची झाडी एकाच अंतरावर येऊन उभी राहतात. हिरव्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून त्याची धार कमी करावी आणि पश्चिमेकडील साउथ माउंटनची रांग जवळपास निळ्यातच सोडवावी. दमट हवेत पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळत नाही आणि दुसरा त्यात पसरून गढूळ होतो. अशा वेळी दोन छोटी चित्रे शेजारी ठेवून आळीपाळीने करावीत. वायोमिंगच्या कोरड्या वाऱ्यात नेमके उलटे घडते: आकाशाचा वॉश अर्ध्यावर असतानाच कडा वाळून रेघ उमटते. तिथे कागद आधी मागून-पुढून ओला करावा आणि रंग नेहमीपेक्षा अधिक पाण्याने, मोठ्या कुंचल्याने, एका दमात लावावा. खरखरीत कागदाचे दाणे पाच-सात इंचांच्या चित्रात घराच्या खिडकीएवढे दिसतात, म्हणून लहान आकारासाठी ३०० ग्रॅमचा, बारीक दाण्याचा किंवा गुळगुळीत सुती कागद घ्यावा. वेळ अगदी कमी असेल तर यादवी युद्धात रणभूमीवर रेखाटणाऱ्या आल्फ्रेड वॉडची रीत उसनी घ्यावी: रंगीत कागद, शिसपेन्सिल आणि उजेडासाठी थोडासा पांढरा रंग.

जागेचे नियम न विचारणे

रणभूमीची माती रंगात मिसळण्याची कल्पना अनेकांना मोहवते, परंतु राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीतून माती, दगड, फांदी किंवा जुनी गोळी उचलणे बेकायदा आहे. कॅडमियम व कोबाल्ट असलेले रंगाचे पाणी गवतावर ओतू नये. झाकणाच्या बाटलीत भरून परत न्यावे. घडीचा स्टँड मांडण्यापूर्वी माहिती केंद्रात विचारावे, आणि स्मारकाच्या चौथऱ्याचा टेबलासारखा उपयोग करू नये. अ‍ॅरिझोनातील होपी लोकांच्या गावांत छायाचित्रण आणि रेखाटन दोन्हींना मनाई आहे, आणि लपून काढलेले स्केच हा तिथल्या लोकांचा अवमान असतो. विमानाने जाणाऱ्या तैलरंगकारांनी टर्पेंटाइन व तत्सम ज्वलनशील द्रव घरीच ठेवावेत, कारण ते हातातील किंवा चेक-इन केलेल्या कोणत्याच सामानात चालत नाहीत. धारदार पॅलेट नाइफ चेक-इन बॅगेत टाकावी.

चित्राची मागची बाजू कोरी ठेवणे

घरी पोहोचल्यावर लिहू, असे म्हणून सोडलेली माहिती दोन ठिकाणांच्या प्रवासातच एकमेकींत मिसळते. चित्र वाळताच मागे पेन्सिलीने ठिकाण, तारीख, घड्याळातील वेळ, तोंड कोणत्या दिशेला होते ती दिशा आणि दिसणाऱ्या गोष्टींपैकी कोणती मूळची व कोणती पुन्हा बांधलेली, हे लिहावे. त्या जागेशी संबंधित एखाद्या सैनिकाच्या पत्रातील किंवा रोजनिशीतील ओळ माहितीफलकावर सापडली, तर ती ज्याची आहे त्याच्या नावासह आणि तारखेसह तशीच उतरवून घ्यावी. बॉलपेनने लिहू नये, कारण त्याचा दाब पातळ कागदाच्या पुढच्या बाजूला उमटतो.