नागपूरहून पाताळकोट: दरीत उतरण्यापूर्वीची तयारी

पाताळकोटच्या दरीत उतरताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती अशी, की गडावर जाताना चढ आधी असतो आणि थकवा आला की मागे फिरता येते, परंतु येथे सोपी वाट आधी संपते आणि खरी चढण दमलेल्या पायांच्या वाट्याला येते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातील ही घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी सुमारे १,२०० ते १,५०० फूट खोल असून तिच्या तळाशी दूधी नदी वाहते. म्हणून उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ आणि निम्म्याहून अधिक पाणी परतीसाठी राखून ठेवावे.

नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा व परासिया या मार्गाने दरीजवळच्या तामिया गावापर्यंतचे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. एकाच दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. तामियात मुक्काम करून सकाळीच कड्यावर पोहोचावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात दरी देखणी दिसते खरी, पण निसरड्या वाटांमुळे ती वरूनच पाहावी.

रातेड किंवा चिमटीपूरच्या बाजूने उतरताना स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा व त्याचा मोबदला आधीच ठरवावा. हिंदीत बोलणे सहज होते. काही वस्त्यांपर्यंत आता रस्ता झाला आहे, तरीही पायवाटेची मजा वेगळीच.

उतरण्यापूर्वी बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळावी, म्हणजे पाय पुढे सरकून बोटे बुटाच्या टोकावर आदळत नाहीत. उतारावर गुडघे किंचित वाकवून, पाऊल थोडे आडवे टाकत, लहान पावलांनी चालावे. हिवाळ्यात वाळलेल्या पानांच्या थराखाली सुटे दगड लपलेले असतात. अशा जागी आधी काठीने चाचपावे आणि मगच भार टाकावा. मागच्याने पुढच्याच्या डोक्यावर दगड घरंगळू नये एवढे अंतर ठेवावे. कडेकपारीत आग्या मोहोळ दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा.

शिदोरीला फुटाणे, गूळ आणि संत्री पुरेशी आहेत. सालीही पिशवीतच परत आणाव्यात. नदीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. या दरीला २०१९ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे कोणी औषधी म्हणून दाखवलेली वनस्पतीही उपटू नये. खाली भारिया आणि गोंड आदिवासी कुटुंबांची घरे आहेत. ती काही प्रदर्शनात मांडलेली नाहीत. विचारल्याशिवाय अंगणात शिरू नये, छायाचित्र घेऊ नये.

खोल दरीत ऊन उशिरा येते व लवकर मावळते, म्हणून दुपारी एकच्या सुमारास, पोटभर जेवण न करता, चढण सुरू करावी. दर थांब्यावर थोडे पाणी, एखादा गुळाचा खडा, आणि सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे. वर आल्यावर दमलेल्या चालकाने रात्री घाटरस्त्याने नागपूर गाठण्याऐवजी दुसरा मुक्कामही तामियातच करावा.