स्टोन्ड व्हायरस लागलेला पीसी कसा ओळखाल, कसा साफ कराल

माळ्यावरचा जुना पीसी आणि फ्लॉप्यांचा डबा घेऊन अजूनही कोणीतरी येतंच. आधी फ्लॉप्या लिहिण्यासाठी बंद करा: सव्वापाच इंचीची खाच पट्टीने झाका, साडेतीन इंचीचं भोक मात्र उघडं ठेवा. दोन्हींचं उलट असतं.

आता मशीन तपासा. सी ड्राइव्हवरून सुरू करून चेकडिस्क (CHKDSK) ही आज्ञा द्या आणि शेवटचे आकडे वाचा. एकूण मेमरी 655360 बाइट हवी. 654336 दिसलं तर घाबरू नका, काही बायॉस (मशीन सुरू करणारे मूळ प्रोग्राम) स्वतःसाठी एक केबी ठेवतात. 653312 म्हणजे दोन केबी गायब. तिथे स्टोन्ड किंवा त्याचा भाऊ मायकेलअँजेलो बसलेला असू शकतो. हा दुसरा 6 मार्चला डिस्कचे सुरुवातीचे सेक्टर (छोटे कप्पे) पुसतो, म्हणून त्या तारखेला मशीन लावूच नका.

लोक गेमच्या फ्लॉपीला दोष देतात. खरा दोष ए ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीचा. मशीन सुरू होताना बायॉस तिचा पहिला सेक्टर वाचून चालवतो, तिच्यात डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम असो वा नसो. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ दिसेपर्यंत स्टोन्ड हार्ड डिस्कवर पोचलेला असतो. मग ए ड्राइव्हमध्ये घातलेल्या लिहिण्यासाठी बंद न केलेल्या फ्लॉपीला नुसतं डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिलं तरी ती बाधित होते.

1987 च्या सुमाराचा हा न्यूझीलंडचा व्हायरस मुद्दाम काही पुसत नाही. मूळ बूट सेक्टर, म्हणजे तो पहिला सेक्टर, तो बाजूला नेऊन ठेवतो. 360 केबीच्या फ्लॉपीत ती जागा रूट डिरेक्टरीच्या (फाइलींच्या नावांच्या मुख्य यादीच्या) अगदी शेवटी येते, सहसा रिकामीच. 1.2 एमबीच्या फ्लॉपीत मात्र ती डिरेक्टरीचा तिसरा सेक्टर ठरते, आणि तेहतिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंतच्या नोंदी जातात. फाइलींचा मजकूर जागेवर, नावं गायब! म्हणून अशी फ्लॉपी लगेच फॉरमॅट करू नका.

साफ करायला, पीसी बंद करून स्वच्छ, लिहिण्यासाठी बंद केलेल्या डॉस 5 च्या फ्लॉपीवरून सुरू करा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटवर विसंबू नका, वीज काढा. सी ड्राइव्हची डीआयआर दिसली तरच ‘एफडिस्क /एमबीआर’ द्या, ही आज्ञा हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला सुरुवातीचा प्रोग्राम नव्याने लिहिते. दिसलीच नाही तर थांबा, पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद) झाकणारा दुसराच व्हायरस असेल आणि ही आज्ञा डिस्कचा उरलेला पत्ताही पुसेल. त्यानंतर एकेक फ्लॉपी घ्या, फाइली हार्ड डिस्कवर उतरवा आणि मगच ‘फॉरमॅट ए: /यू’.